तू काढलेला माझा हिरवा चेहरा

प्रिय शालन,

पत्र बघून हसशील, मला माहीत आहे. उभ्या आयुष्यात मी तुला एकच पत्र लिहिलं होतं, लग्न ठरल्यावर, आणि त्यातही अर्धं पान गाडी किती वाजता पोचते याचंच होतं. ते पत्र तू पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना तोंडपाठ म्हणून दाखवायचीस. या पत्राचं तसं करू नकोस म्हणजे झालं.

आज लिहितोय, कारण आज दुपारी मला तुझं ते चित्र कळलं. तेच, ज्यात तू माझा चेहरा हिरवा केलास! तू गेल्यापासून ते गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं होतं. मीच ठेवलं होतं तसं. आज ते घरात आणलंय. आत्ता ते डायनिंग टेबलाच्या खुर्चीला टेकून उभं आहे आणि मी त्याच्यासमोर बसून तुला लिहितोय. एवढी मोठी गोष्ट कळली आणि जिला सांगायची तीच नाही, याला काय म्हणायचं?

चित्र तुझंच आहे, तुला त्याचं काय सांगायचं म्हणा. पण मला ते कसं दिसत होतं हे मी तुला कधी धड बोललो नाही, ते आता ऐक. एक माणूस आहे. म्हणजे मीच, कारण चष्मा माझा आहे आणि टक्कलही माझंच. एक गाल शेवाळासारखा हिरवा, दुसरा लाल. नाकपुड्या बोगद्याएवढ्या. तोंड हे एवढं उघडं, आत काळंकुट्ट. चेहऱ्यापुढे एक हात, डोक्यापेक्षाही मोठा, पाचही बोटं एकत्र आवळलेली, आणि बोटांवर पिवळ्या रंगाचे गोळेच्या गोळे थापलेले. मागच्या भिंती कललेल्या, खिडकी पडायला आलेली. वर, माझ्या टकलाच्या मागे, पाय पसरलेला एक नारिंगी कोळी!

अगं, मी आयुष्यभर पूल बांधले. रेघ वाकडी गेली तर हाताखालच्या माणसाला बोलावून पुन्हा काढायला लावणारा माणूस मी. आणि माझ्याच बायकोने काढलेल्या भिंतीला धड एक काटकोन नाही! "ही भिंत अशी उभी राहील का?" मी विचारलं होतं. तू ब्रश धूत म्हणालीस, "तिला उभं राहायचंच नाहीये." यावर माणसाने काय बोलावं?

त्याआधी तू किती छान काढायचीस. निवृत्त झाल्यावर तुझ्या मैत्रिणींनी भजनाचा ग्रुप काढला, आणि तू मात्र कम्युनिटी सेंटरमधल्या कॅरलबाईंच्या चित्रकलेच्या वर्गात जाऊन बसलीस. पहिल्या वर्षी सफरचंदं, फुलदाण्या, आपला पितळी तांब्या. तांब्या तर असा हुबेहूब की उचलून पाणी प्यावं. ती सगळी चित्रं मी स्वतः फ्रेम करून हॉलमध्ये एका ओळीत लावली आणि येईल त्याला दाखवत सुटलो. "शालनने काढलंय," असं म्हणायचो तेव्हा माझीच कॉलर ताठ व्हायची.

मग कॅरलबाईंनी तुम्हाला त्या जर्मन चित्रकारांच्या स्लाइड्स दाखवल्या आणि सगळं बिघडलं. तू घरी आलीस ती डोळे मोठे करून. "एक्स्प्रेशनिझम!" म्हणालीस. मी म्हटलं, "एक्स्प्रेशन की डिप्रेशन?" तू मला चिरायला भेंडी दिलीस आणि समजावायला लागलीस.

"अहो, डोळ्याला दिसतं ते कॅमेऱ्याला काढू दे. आपण आत जे होतं ते काढायचं."

"आत काय होतं?"

"अंधारात एकटं चालताना रस्ता लांब वाटतो ना? मग तो लांबच काढायचा."

"पण टेप लावून मोजला तर तेवढाच भरेल."

"अंधारात एकटं चालताना टेप लावतं कोण?"

मी खाली मान घालून भेंडी चिरत राहिलो. तुझ्याशी वादात हरलो की मी हातातल्या कामाकडे फार लक्ष द्यायचो, ते तुझ्या ध्यानात आलं होतंच.

पुढच्याच हिवाळ्यात तू आजारी पडलीस. ऑपरेशन झालं, मग केमो. ते सगळं पुन्हा उगाळत नाही, तुला तरी कुठे आवडायचं त्याचं बोलणं. पण जेवणाचं सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे.

तुला कुठल्याही अन्नाला लोखंडाची चव लागायची. चमचा तोंडात गेला की उमासा यायचा. "चमचा नको हो," म्हणालीस एकदा, रडवेली होऊन. तोवर मला चहापलीकडे काही येत नव्हतं. तू पलंगावरून सूचना द्यायचीस आणि मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारायचो, "शिट्टी झाली, आता काय?" पहिला भात तळाला लागला, दुसऱ्याची खळ झाली. शेवटी जमला एकदाचा. मऊ भात, त्यावर हळदीचं पिवळं वरण, तूप, मीठ, आणि हाताने कालवून एकेक घास. हाताचा घास तुला चालायचा. तो लोखंडाचा लागायचा नाही.

आणि तू हसायचीस! घास घेता घेता, आजारी बाई, डोक्यावर केस नाहीत, अंगात त्राण नाही, आणि खुदुखुदु हसणं चालू. मला असा राग यायचा म्हणतेस! मी इथे कुकरशी झटापट करून आलोय आणि बाईसाहेबांना हसू फुटतंय. "हसतेस काय, ठसका लागेल, गिळ आधी!" असं म्हणालो की तू आणखीच हसायचीस. का हसतेस ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. सांगायला काय झालं होतं गं?

मग तो वसंत आला, तुझा बरा काळ. डोक्यावर बारीक केस आले, पुन्हा वर्गाला जायला लागलीस. हात थरथरायचा म्हणून मी गाडीतून न्यायचो, आणायचो. एके दिवशी तू चादरीत गुंडाळलेलं काहीतरी डिकीत ठेवलंस, घरी येऊन चादर काढलीस, आणि समोर हा हिरवा माणूस.

मी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "हा मी का?"

"ओळखा."

"मी एवढा ओरडतो?"

तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी नंतर पुष्कळ वेळा आठवून पाहिलंय. तुझ्या चेहऱ्यावर चेष्टाही होती आणि दुसरंही काहीतरी होतं. "तुम्हाला दिसेल हो," म्हणालीस, "दिसेल तेव्हा दिसेल." आणि कपडे बदलायला निघून गेलीस.

शालन, तिथेच माझ्या मनात खिळा बसला. माझा आवाज मोठा आहे, सगळ्या शिकागोच्या मराठी मंडळींना ठाऊक आहे. मी फोनवर बोलतो तेव्हा शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो, हे तूच लोकांना सांगायचीस. पण आपण सहज म्हणून आवाज चढवतो आणि समोरच्या माणसाच्या आत त्याचं असं काहीतरी हिरवं-लाल साठत जातं की काय? आत जे होतं तेच काढायचं, असं तूच म्हणाली होतीस ना? मग तुझ्या आत मी असा होतो का? उघडा जबडा आणि उगारलेली मूठ? माझ्याबरोबर तू भीत भीत राहिलीस का? तू होतीस तोवर विचारायचा धीर झाला नाही. तू गेलीस, आणि मग मी चित्र भिंतीकडे वळवून ठेवलं.

गेल्या महिन्यात कॅरलबाई आल्या. केळ्याचा केक घेऊन. लायब्ररीत त्यांच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन आहे, मे महिनाभर, आणि त्यातली एक भिंत तुझी. मला केवढा आनंद झाला! मी त्यांना हॉलमध्ये नेलं, सफरचंदं दाखवली, तांब्या दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि तो माणूस कुठे आहे?"

काय करणार, नेलं गॅरेजमध्ये. बाई वयाने माझ्याच बरोबरीच्या, पण त्या थंडगार सिमेंटवर उकिडव्या बसल्या आणि मला चित्र समजावून सांगायला लागल्या. तू सांगितलं असतंस तर मी हुज्जत घातली असती. त्यांच्यापुढे गप्प ऐकलं.

"हे बघा, तिने आधी अख्खा कॅनव्हास लाल केला. या कोपऱ्यात अजून दिसतो तो. मग लाल ओला असतानाच त्यावर हिरवा ओढला, म्हणून गाल असा गढूळ झालाय. डोळ्यांभोवतीच्या रेघा ब्रशच्या दांड्याने खरवडल्यात, म्हणजे खालचा लाल वर येतो. भिंतीही तशाच. या चित्रात लाल सगळ्याच्या खाली आहे. ती घाबरलेली होती, तुम्हाला माहीत असेलच."

मी वाकून तो कोपऱ्यातला लाल बघितला.

"पण या हाताशी आल्यावर तिने ब्रश ठेवून दिला," त्या म्हणाल्या. "पिवळा रंग ट्यूबमधून थेट बोटांवर घेतला आणि बोटांनी लावला. त्यात दुसरा रंग मिसळू दिला नाही. एवढा एकच रंग स्वच्छ आहे. खरं सांगू? मला या पिवळ्याचीच भीती वाटते."

मी विचारलं, चित्राला नाव काय देणार? तर म्हणाल्या, नाव शालननेच दिलंय. त्यांनी तुला विचारलं होतं म्हणे, हा काय म्हणतोय? आणि तू म्हणालीस, "आ." एवढंच. आणि मग तुला इतकं हसू आलं की तुला स्टुलावर बसायला लागलं. त्यांनी पर्समधून छापलेलं कार्ड काढून दाखवलं. वर नाव 'आह!', आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, की ही एका पतीच्या संतापाची आणि हतबलतेची किंकाळी आहे.

मी कार्ड परत दिलं आणि "कळवतो" म्हटलं. म्हणजे तू वर्गात, सगळ्या बायकांसमोर, माझ्या ओरडण्याला हसत होतीस! बाई गेल्या. केक ओट्यावर पडून पडून कडक झाला.

केकचंच कशाला, बाकीचंही तसंच चाललं होतं. सिंकपाशी उभं राहून ब्रेडला काहीतरी लावायचं आणि खायचं, झालं जेवण. एकट्यासाठी कुकर कोण लावणार? समीर म्हणतो की त्याला फोनवरच्या आवाजावरून मी बारीक झाल्याचं कळलं. आवाज बारीक होतो का रे, विचारलं तर म्हणाला, "बाबा, तुम्ही फोनवर ओरडत नाही आहात आजकाल." आणि तो मुग्धाला आणि छोट्या सईला घेऊन तिकडून कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून आठवड्यासाठी येऊन दाखल झाला.

मुग्धाने माझ्यासाठी घरी कढवलेलं तूप आणलं होतं. विमानतळावर सिक्युरिटीवाल्याने बाटली काढून घेतली, लिक्विड चालत नाही म्हणून! "बाबा, आय वॉज सो मॅड! थिजलेलं तूप होतं हो, लिक्विड कुठे?" मग आल्या आल्या फ्रिज उघडून बघितलं, आणि समीरला डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांत पिटाळलं. तांदूळ, डाळ, तूप, कढीपत्ता, सगळं आलं. घराला पुन्हा फोडणीचा वास आला आणि मी उगाच आपल्या बेडरूमकडे बघितलं.

काल समीर गॅरेजमध्ये काहीतरी शोधत होता, त्याने चित्र वळवलं. तिथूनच हाक मारली, "बाबा, हे तर तुम्ही थर्मोस्टॅटवरून ओरडताय!" पोराने सहज म्हटलं. हिवाळ्यात हीट कुणी वाढवली म्हणून मी ओरडायचो खरा. मी हसलो त्याच्याबरोबर, पण तो खिळा आणखी आत गेला. आता मुलगाही ओळखतोय, म्हणजे खरंच असणार!

आणि मग आजची दुपार.

सई आता दोन वर्षांची होईल. तू पाहिलंस तेव्हा रांगत होती. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत. जेवायला बसवलं तर "नो!" आणि तोंड घट्ट बंद. मुग्धाने हात टेकले. मी म्हटलं, थांब, मी बघतो. मला काय, अनुभव आहे! वरणभात मऊसूत कालवला, तूप घातलं, आणि उंच खुर्चीसमोर उभा राहून सुरू केलं. "आ कर. सई, आ कर गं बाळा. आऽऽ."

सईने माझ्याकडे बघितलं आणि ती हसायला लागली. खुदुखुदु. हसता हसता तोंड उघडलं, घास गेला. पुन्हा "आऽऽ", पुन्हा हसू, पुन्हा घास. मी म्हटलं, "हसतेस काय, गिळ आधी!" आणि माझ्याच तोंडचं हे वाक्य ऐकून मी थबकलो. आधी कुणाला म्हणायचो मी हे?

तेवढ्यात मुग्धा ओरडली, "बाबा, डोंट मूव्ह! तसेच राहा!" ती सईच्या मागे जमिनीवर बसून तिचं लाळेरं शोधत होती, टेबलावरचा डिजिटल कॅमेरा उचलून तिने तिथूनच फोटो काढला. आणि मागच्या छोट्या स्क्रीनवर बघून अशी हसली की समीर वरून धावत आला.

"बाबा, तुम्हाला माहितीये का? घास सईला देताय आणि आ तुम्हीच करताय! केवढा मोठा!"

"मी? छे!"

"बघा ना. अहो, सगळेच करतात, माझी आईपण करते. कळत नाही आपल्याला. पण तुमचा आ म्हणजे, ओ माय गॉड!"

मी चष्मा पुसून फोटो बघितला. खालून काढलेला फोटो. नाकपुड्या बोगद्याएवढ्या. चष्मा घसरलेला. तोंड हे एवढं उघडं, आत काळोख. पुढे हात, डोक्यापेक्षा मोठा, पाचही बोटं जुळलेली, आणि त्या बोटांत पिवळा वरणभात.

शालन! अगं, तो ओरडत नव्हता! तो "आ कर" म्हणत होता! आणि तू मला हसत होतीस, माझ्या त्या जबड्याला, रोज, आजारी असताना, घास तोंडात घेऊन!

मी हात न धुताच आपल्या बेडरूममध्ये गेलो. समीर मागे आला, त्याला वाटलं मला काही होतंय. तू गेल्यापासून मी पलंगाच्या तुझ्या बाजूला टेकलोसुद्धा नव्हतो. आज तुझ्या उशीवर डोकं ठेवून उताणा झालो आणि वर बघितलं. छताला तो नारिंगी काचेचा दिवा, मीच बसवलेला, तिरका, त्याच्या पितळी दांड्या चहूकडे पसरलेल्या. कोळी! डावीकडे खिडकी, आणि झोपून बघितलं की ती खरोखर अंगावर पडेल अशी दिसते. भिंती वर जाता जाता कलतात. मी चाळीस वर्षं ड्रॉइंगं तपासली आणि चित्र बघताना बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे एवढं साधं तपासलं नाही. तो उशीवर होता.

"समीर," मी म्हटलं, "इथे उभा राहा. वाक. हात पुढे कर, घास देतोस असा. आता म्हण, आ कर."

"बाबा, आर यू ओके?"

"म्हण रे!"

तो वाकला. एवढा मोठा मॅनेजर, माझ्या तोंडापुढे रिकामी बोटं धरून "आ करा, बाबा" म्हणाला, आणि म्हणताना त्याचं स्वतःचं तोंड उघडलं. खालून तो केवढा दिसला! त्याच्या हाताने दिवा झाकला, खिडकी झाकली, सगळी पडकी खोलीच झाकून टाकली. मला रडू आलं. मुलासमोर रडू नये वगैरे काही सुचलं नाही.

म्हणजे तू हे बघत होतीस. भिंती पडत होत्या, छतावर कोळी बसला होता, खाली सगळीकडे तो लाल. तू एवढी घाबरली होतीस आणि मला वाटायचं, बाई हसतेय म्हणजे बरं आहे. आणि त्या सगळ्या गढूळ पसाऱ्यात मिसळू न दिलेला एकच रंग, तो वरणाचा. बिचाऱ्या कॅरलबाई, त्यांना त्या पिवळ्याची भीती वाटते! त्यांच्या देशात पिवळा असतो तो रस्त्यावरच्या धोक्याच्या पाट्यांचा. हाताने कालवलेला भात त्यांनी कधी पाहिलाय? आणि मी तर रोज कालवला, तरी मला मूठ दिसली.

आणखी एक आठवलं, ते लिहितो. शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी तुझं खाणं बंद केलं होतं. घास उतरतच नव्हता. मी नुसता ओला कापूस ओठांना लावायचो. पण मी वाकलो की तू डोळे न उघडता आ करायचीस. मला वाटायचं, सवयीने करते. आता वाटतं, माझा चेहरा तुला डोळे मिटूनही दिसत असेल, हिरवा-लाल, हा एवढा जबडा उघडलेला, आणि मी खट्टू होऊ नये म्हणून तू तोंड उघडत असशील. खरं ना? आता कोण सांगणार!

मग कॅरलबाईंना फोन लावला. म्हटलं, कार्ड बदला, तो ओरडत नाहीये.

"मग काय करतोय?"

"भरवतोय."

"हाताने?"

"हाताने. तो पिवळा म्हणजे जेवण आहे. आणि 'आ' म्हणजे तोंड उघड."

"ओ," बाई म्हणाल्या. मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "म्हणजे जो कोणी या चित्रासमोर उभा राहील, त्याला तो भरवतोय?"

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि येऊन चित्रासमोर बसलो, तो अजून इथेच आहे. बाईंचं खरं आहे गं. तू आता त्या उशीवर नाहीस. तुझ्या जागी मी बसलोय, आणि तो एवढा मोठा हात थेट माझ्याकडे येतोय. हात माझा, पण बोटं तुझी आहेत. रंगात तुझ्या बोटांचे ठसे दिसतात, जवळून बघितलं तर तर्जनीवरची विळीची जुनी खूणसुद्धा.

तर शालन, वचन देतो. मे महिन्यात चित्र लायब्ररीत राहील, लोकांनाही मिळू दे एकेक घास. ते परत आलं की स्वयंपाकघरात लावीन, माझ्या खुर्चीसमोर. सिंकपाशी उभं राहून खाणं बंद. एकट्यापुरता का होईना, कुकर लावीन, ताट वाढून घेईन, खाली बसेन आणि समोर बघेन. आणि ज्या दिवशी घास उतरणार नाही, त्या दिवशी, तू माझ्यासाठी करायचीस तसा, मी तुझ्यासाठी आ करीन.

तुझाच,
अहो